शनिवारची भाकर

"हे उघडायचं कुठून?" कासिमिरा मावशीनं तो प्याला कानाशी नेऊन हलवून पाहिला.

अंगठ्याएवढा प्लास्टिकचा प्याला. तळाशी द्राक्षाचा रस, त्यावर चंदेरी झाकण, झाकणावर नखाएवढी पांढरी चकती आणि सगळ्यांवर एक पारदर्शक पापुद्रा. अमेरिकेतून देवळाच्या डागडुजीला आलेल्या पाहुण्यांनी असे प्याले खोकंभर आणले होते. उद्या महिन्याचा पहिला रविवार. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि रस घेण्याचा विधी, याच प्याल्यांतून व्हायचं होतं.

"वरचं साल काढलं की भाकर, खालचं काढलं की रस," पाळक नाऊम म्हणाले.

"प्रभूनं भाकर मोडली होती, की सोलली होती?"

पाळकांना हसू आवरेना. "मावशी, पाहुण्यांची पोटं नाजूक. एका महिन्याचा तर प्रश्न आहे."

"सव्वीस वर्षांत माझ्या भाकरीनं कोणाचं पोट बिघडलं, नाव सांग."

मी कडेवरच्या केरेनच्या फ्रॉकचं बटण लावत राहिले. ते आधीच लावलेलं होतं.

केरेन माझी मुलगी, चौदा महिन्यांची. गेल्या पावसाळ्यात तिला जुलाब लागले, चार दिवस सलाईनवर होती. त्याच्या आदल्या दिवशी मावशीनं तिला आपल्या पेल्यातला रस बोटानं चाटवला होता. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. आई झाल्यावर ते शिक्षण फारसं कामाला येत नाही. तेव्हापासून आमच्या घरात न उकळलेला थेंब येत नाही.

आमच्या देवळाच्या मंडळीत इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून पाहुण्यांना दरवर्षी पत्र मी लिहिते. यंदा शेवटी एक ओळ जास्त घातली: गावात केलेलं काही खाऊ-पिऊ नका, प्रभुभोजनाचंसुद्धा. ती ओळ मी पाळकांना वाचून दाखवली नव्हती.

मावशीला अक्षरओळख नाही, त्यामुळे शास्त्र वाचणं नाही, पोरांना शिकवणं नाही. गळा असा, की गाणाऱ्यांनी तिला गोड बोलून बाकावर परत बसवलेलं. मंडळीत तिचं म्हणावं असं काम एकच. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी भाकर भाजायची, लाल अंबाडीची बोंडं उकळून रस गाळायचा आणि रविवारी उपासना संपली की उरलेली भाकर दारात उभं राहून पोरांना वाटायची. केरेनला मी कधी घेऊ दिली नाही.

"मग मी उद्या काय करू?" तिनं विचारलं.

"बसा निवांत," पाळक म्हणाले.

रविवारी ती दुसऱ्या बाकावर बसली, मांडीवर फडक्याची पुरचुंडी घेऊन. शेजारी पाहुण्यांतले लोवेल. सत्त्याहत्तर वर्षांचे, जन्म गायींमागे काढलेले. हात थरथरतात म्हणून खिडक्या रंगवण्याच्या कामातून पहिल्याच दिवशी बाद झाले होते. चार दिवस ते आणि मावशी स्वयंपाकघराच्या पायरीवर शेंगा सोलत, आपापल्या भाषेत बोलत बसले होते. दुभाषी म्हणून मला कोणी बोलावलं नव्हतं.

मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. पाळकांनी वचन वाचलं, "घ्या, खा," आणि देवळात चुरचुर सुरू झाली. चाळीस माणसं नखांनी पापुद्रे काढत होती. कोणी दातांनी, कोणी किल्लीनं. हळूहळू आवाज थांबला. दुसऱ्या बाकावर मात्र थांबला नाही.

लोवेलना कड सापडत नव्हती. मावशीनं त्यांचा प्याला घेतला, पण तिची बोटं संधिवातानं वाकलेली. मग तिनं दात लावला. रस उडाला तो थेट लोवेलांच्या पांढऱ्या शर्टावर, आणि चकती बाकाखाली गेली.

"अगंबाई! गोऱ्याला रंगवलं मी," मावशी म्हणाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पाळक आपला प्याला हातात धरून थांबले.

तिनं मांडीवरचं फडकं सोडलं. आत भाकर होती. सांगूनही भाजलेली.

"पोरी," ती मागे वळली, "विचार त्याला. माझ्या हातची चालेल का?"

पत्रातली ओळ मला तोंडपाठ होती. मी लोवेलना इंग्रजीत म्हणाले, "ही त्यांनी काल घरी केली आहे. तुम्हाला सांगितलं होतं, की..."

"काल? शनिवारी?" लोवेलनी मला मध्येच तोडलं. "माझी आई शनिवारीच करायची. आमच्या देवळासाठी. आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही."

मी ते मावशीला सांगितलं.

"शनिवारीच करायची असते. शिळी झाली की सरळ मोडते," मावशी म्हणाली. "विचार, भाजण्याआधी टोचायची कशानं?"

"जेवणाच्या काट्यानं. दोन्ही बाजूंनी."

"बघ! दोन्ही बाजूंनी." तिनं पाळकांकडे पाहिलं. "आणि मीठ?"

"चिमूटभर. पाळकांना न सांगता," लोवेल म्हणाले.

हे मी जरा हळू सांगितलं. मावशी तोंडाला पदर लावावा तशी शाल लावून हसली. मग शाल सारखी करून तिनं भाकर मोडली. ती खरंच सरळ मोडली. लोवेलनी थरथरती ओंजळ पुढे केली. दोघांनी डोळे मिटले आणि खाल्लं. पाळकांनी पुढचं वचन वाचलं.

उपासना संपल्यावर पोरं नेहमीसारखी दारात जमली. मावशीनं तुकडे वाटले. केरेननं माझ्या कडेवरून हात लांब केला. मावशी थांबली, माझ्याकडे पाहत राहिली. मी केरेनला दुसऱ्या कडेवर घेतलं नाही. तुकडा केरेनच्या मुठीत गेला, तिथून तोंडात. तिनं गिळेपर्यंत मी तिचं चावणं पाहत होते.

मागच्या अंगणात मावशी रिकामे प्याले धूत बसली.

"ते एकदाच वापरायचे असतात, मावशी."

"असू दे. पुढच्या महिन्यात माझ्या रसाला होतील."

"मावशी, पाहुण्यांच्या पत्रात मी..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"खोकं आलं तेव्हापासून. नाऊमला कुठं येतं इंग्रजी? मग त्यांना लिहिणार कोण?" तिनं खांद्यावरचं फडकं माझ्याकडे टाकलं. "पूस. पाणी राहिलं की डाग धरतात."

मी केरेनला खाली बसवलं आणि पुसायला लागले. ती भिंतीवर एकेक प्याला पालथा मांडत गेली. ओळीच्या शेवटी एक तेवढा उभा होता, भरलेला, पापुद्रा शाबूत. तो तिचा.