पेट्रोलची गाडी

इद्रिसने लोखंडी हँडल डिझेल गाडीच्या तोंडात बसवलं, नीट अडकलंय का ते डाव्या हाताने हलवून पाहिलं आणि बाजूला सरला.

"गजा, तू मार रं. मी आत बसतो."

खाणीचा मुकादम गजा आणि पनवेलहून गाड्या घेऊन आलेल्या शेटचा एक पैलवानी गडी, दोघे हँडलाला भिडले. पहिल्या फेऱ्यांना गाडी नुसती खोकली. मग थोडा काळा धूर निघाला. दोघांचे सदरे पाठीला चिकटले तेव्हा कुठे इंजिनाने घशातून आवाज काढला, आणि एकदा सुरू झाल्यावर मात्र ते असं धडधडू लागलं की खाणीच्या कडेवरची सुटी खडी घरंगळायला लागली.

लोधिवलीच्या माळामागे ही खाण होती. धाकलू घरताने ती सुरू केली, आणि तो तापाने गेल्यावर त्याच्या बायकोने, चंद्राबाईने, ती बंद पडू दिली नाही. धाकलू असताना इद्रिस त्याची जुनी लॉरी चालवायचा. युद्ध संपलं, इंग्रज गेला, लॉरीही गेली. मागल्या पावसाळ्यात तिचं इंजिन बसलं आणि ती मोडीत निघाली. पण जाता जाता तिने इद्रिसला एक तडाखा दिला होता. सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने कामट्या लावून बांधलं, हाड जुळलं, कामट्या निघाल्या. हात बरा झाला असंच सगळे समजत होते. उजव्या हाताची मूठ वळायची, पण वळलेली राहायची नाही, हे इद्रिसला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, नूरबानोला.

आता दहिवलीजवळच्या पुलाला दगड पुरवायचं काम चंद्राबाईला मिळालं होतं. पाऊस सुरू व्हायच्या आत दगड पोचला पाहिजे होता, आणि बैलगाड्यांनी ते होणार नव्हतं. म्हणून शेटने दोन गाड्या आणल्या होत्या. एक डिझेलची, विलायती बनावटीची, मुंबईच्या एका गिरणीत वापरलेली. दुसरी पेट्रोलची, लष्कराने लढाईनंतर काढून टाकलेली, अंगावर अजून खाकी रंग असलेली.

इद्रिसने आधी डिझेलची चढावर घातली. मागे पुरता दगड भरलेला होता. खाणीतून वर येणारी वाट म्हणजे नुसता उभा चढ. तिथे बैलांची नाकं फुटायची. डिझेल गाडी पहिल्या गिअरवर म्हशीसारखी सावकाश, मान खाली घालून चढली. कुठे धाप नाही, कुठे थरथर नाही. इद्रिस उजव्या हाताचं कोपर आणि पुढचा हात स्टिअरिंगवर दाबून, डाव्या हाताने गिअर टाकत होता. बाहेरून बघणाऱ्याला ती जुन्या ड्रायव्हरची ऐट वाटली असती.

मग पेट्रोलची, हँडलाशिवाय पायाच्या बटणावर सुरू होणारी. ती चढावर ओरडली. अर्ध्यात गेल्यावर रेडिएटरमधून वाफ यायला लागली, तरी ती थांबली नाही. वर येऊन उभी राहिली, आणि इंजिन बंद केल्यावरही तिच्या पोटात बराच वेळ टकटक चालू होती.

"बघायचं काय राहिलं आता?" पदू म्हणाला. पदू चंद्राबाईचा दीर. खाणीत त्याचाही वाटा होता. "डिझेलचीच. निम्म्या खर्चात पळंल. मी पनवेलहून ड्रायव्हर बी बघून ठेवलाय, जवान हाय. त्याच्यासंगं त्याचा भाऊ येल हँडल मारायला."

इद्रिस गाडीवरून उतरला. त्याने रुमालाने मान पुसली आणि काहीच ऐकलं नाही अशा बेताने टायर बघू लागला.

सकाळी निघताना नूरबानोने त्याच्या सदऱ्याची बटणं लावता लावता म्हटलं होतं, "पेट्रोलचीच चांगली म्हणून सांगा. त्यात खोटं तरी काय हाय?"

चंद्राबाई लिंबाच्या सावलीत उभी होती. चाळिशीतली, उंच, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पायात धाकलूच्याच जुन्या वहाणा. दोन्ही गाड्या चढताना ती तिथूनच बघत होती. आता ती पुढे आली.

"इद्रिसभाई, तुमी सांगा. कंची घ्यावी?"

गजा थांबला. पदूही थांबला. शेटने पानाची पिचकारी बाजूला टाकली आणि तोही बघू लागला.

इद्रिसला वाटलं, दोन शब्दांचं तर काम आहे. पेट्रोलची घ्या. कुणी विचारणारही नाही का म्हणून. त्याने चढाकडे पाहिलं. या चढावर धाकलू त्याच्या शेजारी बसून यायचा, आणि गाडीबद्दल इद्रिस जे सांगेल ते त्याला शेवटचं असायचं.

"डिझेलची," तो म्हणाला. "वजानाला डिझेलच. ताकद खालून येती तिची. तेल कमी खाती. पेट्रोलची चढंल, पन रोज चढून चढून दमंल, वैनी. तुमच्या जागी मी असतो तर दगडाला डिझेलच घेतली असती."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि लगेच नूरबानोचं सकाळचं बोलणं आठवलं.

"बघ!" पदू म्हणाला.

चंद्राबाईने मान हलवली. "आनि वाटंत बंद पडली तर?"

"तर हँडल मारायचं. बॅटरी तिची दमलेलीच हाय, नवी लवकर गावत नाय."

"किती मानसं लागतात?"

"दोन. गजासारखी."

ती पेट्रोलच्या गाडीपाशी गेली. शेटच्या गड्याला म्हणाली, "ही चालू कर." त्याने आत बसून पायाने बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं आणि लागलं. "बंद कर. परत कर." तो हसला, पण त्याने केलं. चंद्राबाई दाराच्या फळीवर चढून आत वाकून बघत होती. त्याचा पाय कुठे पडतो, हात कुठे जातो, सगळं बघून झाल्यावर ती खाली उतरली आणि पदर सावरत म्हणाली,

"ही घेऊ."

पदूला आधी ते कळलंच नाही. मग त्याचा आवाज चढला. "वैनी, तुला समजतंय का काय बोलतेस? हा मानूस, ज्याची सगळी हयात गाडीवर गेली, तो सांगतोय डिझेल म्हनून! पेट्रोल काय विहिरीतनं शेंदून काढनार हायस?"

"पुलाच्या कामाला पेट्रोलची कुपनं मिळत्यात. इंजिनेरसायबानं सांगितलंय." ती शांत होती. "आनि डिझेलच्या इंजिनाचा पंप बिघडला तर मुंबईला न्यावा लागतो. गिरनीतल्या गाडीचं तेच झालं म्हनून गिरनीवाल्यांनी ती काढली, नाय का शेट?"

शेट खाकरला. "थोडंसं काम निघालेलं, बाई. आता एकदम फर्स्ट क्लास आहे."

"हिचे सुटे भाग पनवेलपासनं कल्यानपर्यंत भंगारात पडलेत. मी मंगळवारी जाऊन बघून आले. गाडी पावसाआधी आठ दिस मुंबईत पडून राहिली, तर पूल आपली वाट बघत बसनार नाय. तेल जास्त खाईल ती खाऊ दे. रोज चालंल तरी."

पदूने तिच्याकडे पाहिलं, मग इद्रिसकडे, त्याच्या खिशाशी टेकवलेल्या उजव्या हाताकडे. "कळलं मला कुनासाठी चाललंय ते," तो म्हणाला आणि खाणीत उतरून गेला.

व्यवहार तिथेच उरकला. शेटची माणसं डिझेल गाडी घेऊन परतली. पेट्रोलच्या गाडीत दगड भरलेलाच होता, तो तसाच दहिवलीला न्यायचं ठरलं. गजा माणसं घेऊन मागे दगडांवर बसला आणि चंद्राबाई पुढे, इद्रिसच्या शेजारी.

सगळा रस्ता पदूचं बोलणं इद्रिसच्या कानात होतं. पुलाच्या कामावर दगड उतरला, साहेबाने गाडीला फेरी मारून कौतुक केलं, कुणी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा इद्रिसच्या तळहातावर ठेवला. तो त्याने खाल्ला, पण त्याची चव त्याला कळली नाही. गजा नि त्याची माणसं उद्याच्या कामासाठी तिथेच राहिली आणि रिकामी गाडी घेऊन इद्रिस नि चंद्राबाई परत निघाले.

उन्हं कलती झाली होती. कर्जत मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून मोकळी झालेली शेतं होती. इद्रिसने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"वैनी, एक सांगायचंय."

"सांगा की."

"माझ्या हातात जोर राह्यला नाय. हँडल माझ्यानं फिरत नाय आता. कुनाला बोललो नाय मी." तो समोरच्या काचेकडे बघून बोलत होता. "तुमी ते वळखलं असंल. धाकलूच्या दोस्तीखातर ही गाडी घेतली असंल, तर उद्या पदूला सांगा, डिझेल अजून पनवेलला उभी असंल. बदलून घ्या. माझ्यापायी खानीचं नुकसान नको. मला कुनी वंगाळ म्हनलेलं चालंल, पन कीव नको."

बाहेर एक बगळा शेतातून चालत होता.

"हात मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "दिवाळीला आलात तवा च्या डाव्या हातानं प्यालात. नूरबानोला इचारलं तर ती रडली." मग त्याच्याकडे वळून, "पन तुमच्या हातासाठी गाडी घेतली, असं का वाटतंय तुमाला?"

"मग?"

ती दार उघडून खाली उतरली. इद्रिसला वाटलं, रागावली. आता चालतच जाईल. पण ती गाडीला पुढून वळसा घालून त्याच्या दारापाशी आली, फळीवर पाय ठेवला आणि म्हणाली,

"सरका तिकडं."

इद्रिसला हसावं की घाबरावं ते कळेना. "तुमी?"

"दोन गडी लागनारी गाडी घेऊन मी काय करू? बटनावर चालू व्हनारी पायजे होती. एवढी वर्षं झाली, खान माझी, दगड माझा, आनि तो कधी हलायचा ते मातुर दुसऱ्यानं सांगायचं."

"लायसन लागतं, वैनी."

"ते काढू. आधी गाडी चालवायला तर येऊ दे. मला शिकवील असा दुसरा कोन हाय हितं? पदूचा पनवेलचा पोरगा?"

इद्रिस सरकला. ती आत बसली, काष्टा आवळला, वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली.

त्याने तिला क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, गिअरचा दांडा डाव्या हाताने धरून चारही घरं फिरवून दाखवली. तिने एकेक नाव पुन्हा म्हटलं. मग तिने पायाने बटण शोधलं. इंजिन लागलं, गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली.

"असंच व्हतं," इद्रिस म्हणाला. "पाय हळू सोडा. दुधाचं भांडं उतरवताना हात कसा जपून सोडता, तसा."

दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदाही. चंद्राबाईच्या कपाळावर घाम आला. तिने पदराने तो पुसला, बटण दाबलं, आणि या खेपेला पाय इतका सावकाश सोडला की गाडी कधी हलली ते कळलंच नाही. रस्त्याकडेचा आंबा हळूच मागे गेला. दूर शेतात पेंढा रचणाऱ्या दोन बाया हातातलं काम तसंच ठेवून उभ्या राहिल्या.

इद्रिसचे दोन्ही हात स्टिअरिंगकडे झेपावले होते. त्याने ते मांडीवर आणून ठेवले.

चंद्राबाईने घाबरत आणि हसत एकदमच त्याच्याकडे मान वळवली.

"माझ्याकडं नाय, वैनी," तो म्हणाला. "पुढं बघा."