घरचं माप

टिच् असा आवाज झाला आणि माझं पेन थांबलं. दुपारी लेक झोपली की घर इतकं गप्प होतं की नळाचा एक थेंब पडला तरी दचकायला होतं. तिने झोपेत हात ताणले होते आणि फ्रॉकच्या पाठीवरचं टिचबटण सुटलं होतं. मी उठून ते लावलं. तिने श्वास घेतला, पुन्हा सुटलं.

सात गाठींचा फ्रॉक होता तो. वाढदिवसाला घातला, त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

गाठींचं आधी सांगते. माझे बाबा शिंपी होते. शेवटच्या आजारपणात, खोकल्याने जीव नकोसा झालेला असताना, त्यांनी नातीसाठी सात फ्रॉक शिवले. प्रत्येक फ्रॉक वेगळ्या कागदात गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि सुतळीला गाठी मारल्या. चौथ्या वर्षाच्या पुडक्याला चार, पाचव्याच्या पाच, अशा थेट दहापर्यंत. "दर वाढदिवसाला एक," मला म्हणाले. "आणि पुडकी दुकानातच राहतील. तुझ्या हाताला धीर नाही, मला माहीत आहे." लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हा ते गेले.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरून चालले होते. लेक दहा वर्षांची होईपर्यंत बाबा वर्षातून एकदा आमच्याकडे येणार. कागद उलगडायचा, त्यांच्या इस्त्रीची घडी मोडायची, आतली शिवण बोटाने चाचपायची. एवढ्यावर वर्ष निघायचं. लेकीचे बाबा कामासाठी परगावी असतात, महिन्यातून दोन दिवस येतात. माझं म्हणावं असं माणूस त्या पुडक्यांतच उरलं होतं.

पण पाच गाठींचा फ्रॉक वर्षभर पुरला नाही. सहाचा सहा महिन्यांत आखूड झाला. लेक बापाच्या वळणावर गेली आहे, आणि त्या घरातले सगळे चौकटीला डोकं आपटणारे. मी नवऱ्याला फोनवर बटणाचं सांगितलं, तर म्हणाला, "अगं, मग घे ना एक नवीन." त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फ्रॉक पिशवीत घातला आणि लेकीला घेऊन दुकानात गेले. दुकान आता काजवाले काका चालवतात. तीस वर्षं बाबांच्या हाताखाली त्यांनी काज-बटणं केली.

"आलं का आमचं रीळ!" काका म्हणाले. लेकीचं हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बोलायला लागली की सुटतच जाते म्हणून.

"काका, तुमचे केस कुठे गेले?"

"विकले गं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं."

"मग पुन्हा कधी शिवणार?"

"कापड आलं की," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बोल. चेहरा का उतरलाय?"

मी फ्रॉक समोर ठेवला. "एवढा उसवून मोठा करून द्या. घट्ट होतोय."

काकांनी तो उलटा केला, चष्मा लावला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. बगलेपासून खालपर्यंत. मग दुसरी बाजू. मग पुन्हा पहिली.

"यात काही नाही."

"काय नाही?"

"उसवायला कापडच नाही, पोरी. आत अर्धं बोट ठेवलंय, खालची दुमडही एवढीशीच." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मास्तर परक्याच्या पोरांना चार-चार बोटं आत सोडायचे. मी भांडायचो, म्हणायचो, लोकांनी काय एका फ्रॉकवर लग्न लावायचंय पोरीचं? तर म्हणायचे, वाढत्या अंगापुढे शिंप्याने शहाणपणा करू नये. आणि सख्ख्या नातीच्या फ्रॉकात हे?"

"आजारी होते. विसरले असतील."

"मास्तर जेवायचं विसरायचे. हे नाही."

त्यांनी फळीवरून मापांची जुनी वही काढली. लांबट, कडा काळ्या पडलेली. पहिल्याच पानावर बाबांच्या पेन्सिलीच्या अक्षरात 'घरचं' असं लिहिलं होतं आणि खाली वर्षावार आकडे. काकांनी फ्रॉकला टेप लावली. छाती, कंबर, उंची. एकेक आकडा म्हणत गेले आणि त्यांचं बोट पानावरच्या सातव्या ओळीवरून सरकत गेलं. कुठेच अडलं नाही.

"ही मापं तुझी आहेत," ते म्हणाले. "तू सात वर्षांची असतानाची."

माझी मापं बाबा घ्यायचे, हे मला चांगलं आठवत होतं. दर वाढदिवसाला, दुकान उघडण्याआधी मला स्टुलावर उभं करायचे. माप घेऊन लिहायचे आणि म्हणायचे, "चला, निम्मं काम झालं." उरलेलं निम्मं राहून जायचं. गिऱ्हाइकांचे कपडे आधी. शाळेचा गणवेशसुद्धा मला शाळा सुरू होऊन आठवडा उलटल्यावर मिळायचा. तक्रार नाही करत. आई गेल्यावर या माणसाने माझं सगळं केलं. गळ्यात टेप अडकवलेली असतानाच माझ्या वेण्या घालायचे आणि भांग असा सरळ पाडायचे की बाईंनी एकदा विचारलं, कोण गं घालतं तुझ्या वेण्या? मी म्हटलं, शिंपी. वर्ग हसला. घरी येऊन सांगितलं तर बाबाही हसले, सुई दातात धरून.

"आठ गाठींचं पुडकं काढा, काका."

"अगं, वाढदिवसाला अजून नऊ महिने आहेत."

"काढा."

काका पुटपुटत उठले. सुतळी त्यांनी कापली नाही, एकेक गाठ नखाने सोडवली. कागदातून पिवळा फ्रॉक निघाला, गळ्याला झालर असलेला. त्यांनी तो सात गाठींच्या फ्रॉकवर अंथरला. खांद्याला खांदा. घेराला घेर. दोन्ही तंतोतंत एकाच मापाचे.

मी वहीत पाहिलं. सातवी आणि आठवी ओळ सारखीच होती.

लिहिताना चूक झाली नव्हती. त्या वर्षी मी वाढलेच नव्हते. आई गेली ते वर्ष. बाबा घास भरवायला बसायचे आणि मी तोंड फिरवायची. आठव्या वाढदिवशी त्यांनी टेप दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली, मग आकडे लिहिले, मला स्टुलावरून उतरवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसले. दुकान उशिरा उघडलं त्या दिवशी.

चाळीस वर्षं पोराटोरांचे कपडे बेतलेल्या माणसाने नातीच्या सात आणि आठ वर्षांत एका बोटाचीही वाढ धरली नव्हती.

"रंगाचं मी बोललो होतो," काका हळूच म्हणाले. "म्हटलं, मास्तर, रिळाला निळा आवडतो, सारखी निळ्याच चिंध्या गोळा करते. ऐकलं नाही. पिवळाच हवा म्हणाले, आणि झालर हवी."

पिवळा का, ते मला माहीत होतं. त्याच वर्षी कुणा गिऱ्हाइकाच्या मुलीचा झालरीचा पिवळा फ्रॉक तयार होऊन खुंटीवर लटकत होता. बाबा दोरा आणायला गेलेले. मी तो अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले. मागून बाबा आले. आता पाठ शेकणार असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "काढ बाई. संध्याकाळी न्यायला येतील." पाठीवरची बटणं त्यांनीच सोडली. फ्रॉकला पुन्हा इस्त्री केली, पुन्हा खुंटीला लावला. त्यावर आम्ही दोघंही कधी अवाक्षर बोललो नाही. मला वाटलं होतं, ते विसरले.

आणि तरी याच माणसाने नात कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपली की मशीन बंद ठेवलेलं मी पाहिलं आहे. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि बाबा ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवायचे. माझ्यासाठी मशीन कधी थांबलं नव्हतं. मी त्या आवाजातच झोपायला शिकले.

"बगलेत पट्टी जोडून देतो," काका म्हणाले. "कुणाला कळायचं नाही."

"राहू द्या."

तोवर लेकीने पिवळा फ्रॉक अंगावरच्या कपड्यांवरूनच डोक्यातून ओढला होता. खांद्यांवर अडकला. दोन्ही हात वर, तोंड आत. "आई, मी अडकले!" मी ओढून काढला. झालरीचा एक टाका तुटला.

नऊ आणि दहाची पुडकी कपाटात दिसत होती. उघडायची गरज नव्हती. त्यांतले फ्रॉक किती मापाचे आहेत ते वहीत लिहिलेलं होतं.

लेक काकांच्या कोपराखालून वही बघायला लागली. आकडे वाचायला ती याच वर्षी शिकली आहे.

"हे कुणाचं?"

"माझं. मी लहान होते तेव्हाचं."

"आणि माझं पान कुठलं?"

काकांनी पानं उलटली. सावकाश, एकेक करून, शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत. तीस वर्षं ती वही त्यांच्या हाताखाली होती, तिच्यात काय नाही हे त्यांना न बघताही माहीत होतं. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि पेन्सिल जिभेला लावली.

"ये गं रिळा, उभी राहा. आत्ता लिहू."

ती हलली नाही. पिवळा फ्रॉक तिने पोटाशी धरला होता. एकदा वहीकडे बघितलं, एकदा फ्रॉककडे आणि मग माझ्याकडे.

"आई, हे सगळे आजोबांनी माझ्यासाठी शिवले होते की तुझ्यासाठी?"