कादंबरीतली बायको

हेब्बाळच्या आमच्या मराठी वाचनगटात त्या रविवारी सकाळी एका कादंबरीवर चर्चा चालली होती. नवऱ्याची चूक दुसऱ्याच्या माथी मारली जाते आणि बायको प्रेमापोटी गप्प राहते, अशी तिची गोष्ट.

“गप्प राहिली म्हणजे तीही गुन्हेगारच,” वेदिका म्हणाली. तिच्या वडिलांना, गुरुप्रसादांना, वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या स्फोटाचा ठपका ठेवून नोकरीतून काढलं होतं.

श्यामलाताईंनी हातातलं पुस्तक मिटलं. त्यांचे यजमान उल्हासराव तेव्हा त्याच प्रयोगशाळेत होते. ते घाईघाईने म्हणाले, “चला, पुढचं पुस्तक ठरवूया.”

“थांबा,” श्यामलाताई म्हणाल्या. “वेदिका, त्या दिवशी गॅसची झडप तपासायचं काम ह्यांचं होतं. ते राहून गेलं आणि चौकशीत ह्यांनी तुझ्या बाबांचं नाव सांगितलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

वेदिका उठून उभी राहिली. ती म्हणाली, “बाबा घरीच आहेत, काकू. हे त्यांना सांगाल?”

उल्हासराव जागचे हलले नाहीत. श्यामलाताईंनी चपला घातल्या आणि त्या तिच्याबरोबर एकट्याच गेल्या. मागे आम्ही चहा घेतला. उल्हासरावांना कुणी चहाचं विचारलं नाही.