लवूची गिअरची सायकल

सायकल कुठली घ्यावी हे विचारायला रत्नागिरीतली माणसं माझ्याकडे येत, आणि मला ते आवडत असे. खोटं कशाला बोलू? एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. पण नवी सायकल घेणारा आधी माझ्याकडे येई आणि मग शोरूमला जाई. मी नाक मुरडलं की ती सायकल विकली जात नसे. आत्माराम मिस्त्रीने बघितली म्हणजे झालं, असं लोक म्हणत. हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ते खरं आहे का, हे तपासावं असं मला कधी वाटलंच नाही.

लवू आला तो अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, धामणवाडीचा हा माणूस, पोस्टाची पिशवी पोचवणारा. रोज सकाळी सड्यावरून घाटी उतरून खाडीकाठच्या पोस्टात टपाल न्यायचं, पहिल्या एस.टी.त चढवायचं, आलेली पिशवी घेऊन परत वर चढायचं. बारा वर्षं त्याने हे पायी केलं. आता एस.टी.ची वेळ अर्धा तास अलीकडे आली होती आणि त्याचा गुडघा कुरकुरायला लागला होता. दोनदा गाडी चुकली. वरच्या साहेबाने सांगितलं, संक्रांतीच्या आत सायकल घे, नाहीतर मी सायकलवाला माणूस बघतो. घरात बायको मैना, मॅट्रिक झालेली मुलगी राही, आणि चार महिने पुरेल एवढा भात. ती नोकरी गेली तर रोख पैसा यायला त्या घराला दुसरी वाट नव्हती.

त्याच्याकडे नऊशे रुपये होते. त्यावर एक पैसा नाही, हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं. मला अशी गिऱ्हाइकं बरी वाटतात. ज्याच्याकडे बख्खळ पैसा असतो तो रंग बघतो.

मी त्याला घेऊन आधी बाजारात गेलो. साधी काळी सायकल त्या पैशात आरामात आली असती, पण ती घेऊन धामणवाडीची घाटी चढणं म्हणजे म्हैस खांद्यावर घेऊन चढणं. उतरताना तर तिचे दांड्याचे ब्रेक दुसऱ्या वळणावरच हात टेकणार. दुसरी होती नव्या फॅशनची, जाड टायरची, आडव्या हँडलची. तरुण पोरं तिच्याभोवती घुटमळत होती. नळीवर डोंगराचं चित्र आणि इंग्रजीत मोठं नाव, आणि मागे बघतो तर गिअर एकही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी दुकानदारासमोरच तसं म्हणालो आणि लवू पोटभर हसला. मी त्याला शिकवलं की घाटीच्या सायकलीत आधी ब्रेक बघायचे, मग चाकं, मग गिअर, आणि या सगळ्यांच्याही आधी ज्याच्यावर हे सगळं बसवलेलं असतं ती फ्रेम. तो शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता.

मग मला मांडवीची सायकल आठवली.

मांडवीतला मुसा कुवेतला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी येताना त्याने एक गिअरची सायकल आणली होती, खरीखुरी डोंगरात चालवायची, अठरा गिअरची. तेव्हा अख्खी मांडवी ती बघायला जमली होती. सुट्टी संपून तो गेला आणि सायकल पडवीत राहिली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती दिवस टिकणार? त्याची बायको हमिदा ती विकायला बघत होती, आणि नऊशेला देईल हे मला माहीत होतं.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. हमिदाने सायकल अंगणात काढून पुसून ठेवली होती. लवूने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने आधी पुढचं चाक फिरवून बघितलं, मग बसून गिअर कटकट पाडून बघितले. मीही चाकं फिरवली, ब्रेक आवळले. सगळं उत्तम होतं. तेवढ्यात हमिदा लवूसमोरच म्हणाली, "मिस्त्री, नीट बघून सांगा. ही एकदा मोडलेली हाय, हँडलच्या खाली. तुम्हीच जोडलेली. आमच्या घरच्या वस्तूने कोणाचं वाईट नको."

खरंच होतं ते. मुसाच्या सुट्टीतच सायकल ट्रकमधून उतरवताना पडली होती आणि हँडलखाली, जिथे दोन नळ्या येऊन मिळतात, तिथेच तुटली होती. पितळ वितळवून तो सांधा मी जोडला होता. तसल्या लोखंडाची सायकल मी तोवर कधी जोडली नव्हती. तरी मुसाला छाती ठोकून सांगितलं होतं की आता नवीपेक्षा भारी झाली.

मी खाली वाकलो. पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढेमागे हलवली आणि सांध्यावर बोट ठेवलं. बोटाखाली काहीतरी हललं. अगदी थोडं. रंगावर केसाएवढी तांबूस रेघ होती, नळीच्या खालच्या अंगाने गेलेली. माझा जोड सुटायला लागला होता.

मी तोंड उघडणारच होतो. देवाशपथ सांगतो, शब्द ओठांवर होते. पण हमिदाचं बोलणं ऐकून घाबरायच्या ऐवजी लवूचा जीव भांड्यात पडला होता. तो तिला म्हणाला, "ह्यांनी जोडलेली हाय ना? मग माला काय बगायचं न्हाय."

एवढंच. दोन माणसं माझ्याकडे बघत होती, आणि दोघांच्या डोळ्यांत मी रत्नागिरीतला सगळ्यात मोठा मिस्त्री होतो. मी उठलो, हात पुसले आणि म्हणालो, काही हरकत नाही, घ्या.

त्याच संध्याकाळी लवू सायकल घेऊन गेला. जाताना मी त्याला सांगितलं की फार जोरात उतरू नकोस. असं तर मी सगळ्यांनाच सांगतो.

पहिला आठवडा मी रोज सकाळी सात वाजता घड्याळाकडे बघत होतो. सातला तो घाटीत असणार. सव्वासातला खाली पोचलेला असणार. स्टँडवर त्या बाजूची एस.टी. आली की कंडक्टरला विचारत असे, धामणवाडीची पिशवी आली का. आली, असं तो म्हणाला की मला चहा गोड लागे. कंडक्टरने एकदा विचारलंच, मिस्त्री, तुमची मनीऑर्डर यायची आहे काय. चोराच्या मनात चांदणं. मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

पंधरा दिवसांनी लवू स्वतः आला, सायकलवरून, पिशवीभर कुळीथ घेऊन. मैनाने दिले होते माझ्यासाठी. नोकरी वाचली होती, साहेब खूश होता. चढताना आता सायकल हातात धरून चालावं लागत नाही म्हणाला, आणि उतरताना तर ब्रेकला हातही लावत नाही. राहीलाही सड्यावर शिकवतोय, तीही आता चालवते. हे सांगताना त्याला आनंद मावत नव्हता. मी मात्र पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

मी हसत हसत खाली वाकून बघितलं. रेघ वाढली होती. आता ती नळीच्या अर्ध्या अंगाला वळसा घालून गेली होती.

म्हटलं, सायकल एक दिवस माझ्याकडे सोड, जरा तेलपाणी करतो. तो म्हणाला, टपाल रोजचं, रविवारी आणतो. मी म्हणालो, चालेल. रविवारी गुपचूप जोड कापायचा, आतून नळीचा तुकडा घालून पुन्हा पक्का करायचा, वर रंग मारायचा, कोणाला कळणार नाही, असा माझा बेत होता. कोणाला कळणार नाही, यावरच माझं सगळं चित्त होतं. त्याला तिथेच अडवून पायी घरी पाठवायला एक वाक्य पुरलं असतं.

त्या रविवारी वाडीत लग्न होतं. पुढच्या रविवारी त्याच्या घरात कोणी आजारी होतं. तिसऱ्या रविवारी मी गॅस पेटवायची तयारी करून दुपारपर्यंत वाट बघितली. तो आला नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आजही शरम वाटते. त्यानंतर मी घड्याळ बघायचंही सोडलं. इतके दिवस टिकली, म्हणजे टिकेल, असं स्वतःला समजावलं. लोखंडाला सवय होते, असंही एकदा मनात आलं. तीस वर्षं लोखंडात हात घातलेल्या माणसाच्या मनात असला मूर्खपणा यावा?

फेब्रुवारीत, आंबा मोहरला होता तेव्हा, एका गुरुवारी सकाळी चिऱ्यांचा एक ट्रक लवूला घेऊन सरकारी दवाखान्यात आला. घाटीच्या दुसऱ्या वळणावर तो पडला होता. पिशवी तशीच खांद्याला होती. ट्रकवाल्याने सांगितलं की सायकलीचं पुढचं चाक हँडलसकट वेगळं होऊन खाली गडगडत गेलं आणि माणूस तोंडावर दगडात.

मी गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. कॉटशेजारी मैना आणि राही उभ्या होत्या. एक हवालदार लिहून घेत होता. त्याने विचारलं, सायकलीत काही बिघाड होता का. लवूला धड बोलता येत नव्हतं, तरी माझ्याकडे डोळे लावून म्हणाला, "सायकल चांगली हुती. मिस्त्रीनी बगून दिलेली. मीच जोरात हुतो."

हवालदाराने ते लिहून घेतलं. मग दुपारी त्याने मोडलेली सायकल माझ्याच दुकानात आणून टाकली, कारण सायकलीतलं कळणारा दुसरा कोण होता? मी तुटलेला सांधा उजेडात धरला. त्याचं अर्ध्याहून जास्त तोंड गंजून काळं पडलं होतं. उरलेला बोटभर भाग चकाकत होता, तो त्या दिवशी सकाळी तुटलेला. बोटभर लोखंडावर लवू कितीतरी दिवस घाटी उतरत होता. हवालदार दारात विडी ओढत उभा होता. मी म्हणालो, पडल्यामुळे मोडली. तेही त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हमिदा मांडवीहून चालत आली. जिथे जोडली होती तिथेच मोडली का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती आली तशीच चालत मांडवीला परत गेली.

शनिवारी लवू गेला.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मैना दुकानात आली, बरोबर राही. मी उठून त्यांना स्टूल दिलं, पण मैना उभीच राहिली. साहेब चांगला माणूस निघाला म्हणाली. महिनाभर बदली माणूस लावलाय, त्यानंतर राहीला कामावर घेतो म्हणालाय, पण सायकल हवी. नवी घ्यायची ऐपत नाही. सायकल तुमच्याकडेच आहे असं कळलं.

कोपऱ्यात पोत्याखाली ती होती. मी पोतं काढलं. दोन तुकडे बघून मैनाने तोंडाला पदर लावला, पण क्षणभरच. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याच हातानं जोडा, भावजी. दुसऱ्या कोनाचा भरवसा नाय. पोर माजी घाटी उतरनार."

राहीने पुढचं चाक उचलून फिरवून बघितलं. जरासं वाकलंय, पण सरळ होईल, असं म्हणाली. ती बापासारखीच होती, आधी चाकाकडे बघणारी.

मी सांधा फडक्याने पुसायला लागलो होतो. हात आपोआप कामाला लागले होते, आणि ते बघून मलाच भीती वाटली. या खेपेला जोड पक्का करता येईल, आतून नळी घालता येईल, सगळं येईल, आणि पुन्हा कोणालाही काही कळणार नाही. फडकं खाली ठेवायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मग मी बोललो. मांडवीच्या अंगणात बोटाखाली काय हललं ते सांगितलं, केसाएवढी रेघ सांगितली, कुळीथ घेऊन आला तेव्हा ती केवढी झाली होती ते सांगितलं, हवालदाराशी काय खोटं बोललो तेही सांगितलं. मैनाकडे बघून बोलायचा धीर नव्हता. चाकाकडे बघून बोललो.

राहीने हातातलं चाक अलगद खाली ठेवलं.

मैना रागावेल, शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. ती हिशेब लावावा तशी हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बोलला असतात तर त्यांची नोकरी गेली असती. एवढंच ना?"

तिने राहीचा हात धरला, दोघी पायरी उतरल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या. सायकल न्यायला त्या घरातलं कोणी परत आलं नाही.