नळाला लावलेली मोटार

तनुजाचं लग्न झालं ते २००४ साल, मे महिना. तिच्या भावानं, रणजितनं, लग्न थाटात करून दिलं. हडपसरची त्यांची जमीन संगणक कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती आणि त्या पैशातून गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दोन मजली बंगला उभा राहिला होता. गुळगुळीत फरश्या, प्रत्येक खोलीला वेगळं बाथरूम. पण लग्नाचे पाहुणे उतरले त्या सकाळी नळाची धार करंगळीएवढी! चारचौघांत शोभा नको म्हणून रणजित मोटारसायकलवर बसला आणि थेट पंपाच्या दुकानात गेला.

दुकानदारानं रीतीप्रमाणे विचारलं, "खाली टाकी केवढी आहे? पाणी किती उंच चढवायचंय?"

"टाकी-बिकी काही नाही. नळालाच लावायचीय."

दुकानदार हसला. आवाज खाली आणून म्हणाला, "नळाला लावायला बंदी आहे बरं का. पण लावतात सगळे. मग अर्ध्या हॉर्सपॉवरची कशाला नेता? एकची न्या. जोरात ओढेल."

टाकीची चौकशी तिथंच संपली. प्लंबर आला. नळाचा पाइप घरासमोरच्या गटारातून गेलेला होता. तो त्यानं तिथंच तोडला, नवा जाड पाइप घाईघाईत जोडला, जोडावर चिंध्या गुंडाळल्या आणि वर फरशी टाकून दिली. बटण दाबलं. मोटार घरघरली आणि बाथरूमच्या नळातून पाणी असं उसळलं की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले. मोटार राहिली.

त्या गल्लीत महापालिकेची एकच लाइन होती. तोंडाशी रणजित, मध्ये उत्तरेश्वर आणि शेवटच्या टोकाला कांताबाई. उत्तरेश्वर कामासाठी बार्शीकडून पुण्यात आलेला, संगणक कंपनीत नोकरीला. कांताबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. रणजित चौथीत त्यांच्याच हाताखाली शिकला होता, म्हणून आजही त्यांना 'बाई' म्हणायचा. त्यांचा मुलगा धम्मदीप इंजिनिअर, सून दीपाली बँकेत.

दसऱ्याला रणजितनं गाडी धुतली, पूजा केली, आणि गाडीबरोबर मोटारीलाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. त्याची आई सोजरबाई ओट्यावर बसून बघत होती.

"आरं, त्या मोटारीला कशाला माळ?"

"लक्ष्मी आहे ती आई. तिच्यामुळं तर घरात पाणी हाय."

"आपल्या घरात हाय. आन् पल्याडच्या घरात?"

रणजितनं ऐकलं नाही. घरात पाणी मुबलक असलं की माणसाच्या कानात काहीच शिरत नाही.

उत्तरेश्वरच्या नळाला धार येईना, तेव्हा त्यानंही मोटार आणली. बोलणं मात्र त्याचं फार सुधारलेलं. "रणजितदादा, सिस्टिमच फेल आहे हो. आपण काय करणार? एव्हरीबडी डज इट." त्याच्या मोटारीनं रणजितचं पाणी कमी झालं, म्हणून रणजितनं दीड हॉर्सपॉवरची आणली. मग उत्तरेश्वरनं दोनची. शिकलेली, कमावती, गाड्या-घोडे असलेली ही माणसं एका पाइपाला दोन्ही बाजूंनी तोंड लावून बसली होती, जनावराच्या अंगाला गोचीड बसतो तशी! आणि याची लाज कुणाला? कुणालाच नाही. सकाळी पाणी सुटायच्या वेळी गल्लीत नुसती घरघर चालायची आणि टोकाच्या घरात नळ फुसफुसायचा. नुसती हवा.

धम्मदीप ऑफिसला जायच्या आधी स्कूटरवर कॅन बांधून चौकातल्या हापशावर जायचा. पाणी भरून आणायचा, मग आंघोळ, मग ऑफिस. पुढच्या उन्हाळ्यात दीपाली बाळंत होऊन घरी आली. त्याच सुमाराला खडकवासल्याचं पाणी आटलं आणि पाणी दिवसाआड झालं. बाळाची दुपटी धुवायला घरात पाणी नाही. तेव्हा कांताबाई पहिल्यांदाच रणजितच्या दारात आल्या.

रणजित दारात गाडी धूत होता. नळी हातात, पाणी गाडीवरून ओघळून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात.

"रणजित, गाडीची आंघोळ झाली की जरा मोटार बंद ठेवशील? घरात तान्हं बाळ आहे."

"बाई, मी बंद केली तर तो उत्तरेश्वर ओढणार. तुमच्यापर्यंत काय येणार?"

"म्हणजे त्याला मिळू नये म्हणून तू गाडी धुतोस होय! हे गणित मी शिकवलेलं नव्हतं बाबा."

रणजित चिडून हसला. "तुम्हीपण घ्या की मोटार. धम्मदीपला पगार कमी आहे का?"

"पगार पुष्कळ आहे," कांताबाई म्हणाल्या. "लाजही आहे." आणि त्या परत फिरल्या.

बघा मंडळी, एका तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना पाणी नाही, आणि पाण्यानं निथळणारी गाडी दारात उभी आहे. ही गल्ली काही जगावेगळी नाही. आपल्यापैकी किती जणांच्या जिन्याखाली अशी मोटार गोणपाट टाकून लपवलेली आहे, ते ज्याचं त्यानं बघावं.

त्यानंतर रणजितच्या घरातल्या पाण्याला वास यायला लागला. आधी थोडा, मग भपका. बादलीच्या तळाशी काळा गाळ बसायचा. एकदा रणजितच्या बायकोनं, राधानं, पिंप उपसलं तर तळाशी केसांचा गुंता आणि दोऱ्यासारखे लाल किडे वळवळत होते. तिला तिथंच ओकारी आली. रणजितनं महापालिकेला शिव्या घातल्या आणि महागडा फिल्टर आणला. फिल्टरची पांढरी कांडी चार दिवसांत काळी बुळबुळीत झाली. राधा ती चिमटीत धरून लांबूनच धुवायची. हेच पाणी ती माणसं पीत होती!

मे महिन्याच्या मध्याला सोजरबाईंना ताप आला. अन्न बघवेना. डोळे पिवळे झाले, मग अंग पिवळं झालं. डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

रणजितचं डोकं फिरलं. दोष कुणाला तरी द्यायला हवाच होता. घरी येऊन तो थेट गल्लीच्या टोकाला गेला आणि दारातूनच ओरडला, "बाई, तुमच्या टोकाची घाण लाइनीत शिरतीय! आमची आई मरायला टेकली. तुमच्या लोकांना स्वच्छता कधी कळणार?"

धम्मदीप ताडकन उठला. कांताबाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातल्यासारखाच होता.

"'तुमच्या लोकांना' म्हणालास. बरं झालं, एकदाचं बोललास. चल."

"कुठं?"

"तुझ्या दारात. घाण कुठून शिरते ते तोंडानं सांगू नकोस, डोळ्यांनी बघ. फरशी उचल."

पाण्याची वेळ होती. रणजितनं पहार घालून गटारावरची फरशी उचलली. खालून जो भपका आला त्यानं तो दोन पावलं मागे सरला. काळं, साबणाचा फेस तरंगणारं, माशा घोंघावणारं पाणी. घरात मोटार चालू होती. त्या काळ्या पाण्यात, जिथं जाड पाइपाचा जोड होता, तिथं एक बारीक भोवरा फिरत होता. गुटख्याची एक फाटकी पुडी त्यात गरगरत आली आणि जोडाच्या चिरेवर चिकटली, जणू आतून कुणी तोंडानं ओढून धरली आहे.

"राधा, मोटार बंद कर!" रणजित ओरडला.

मोटार थांबली. भोवरा विरला. पुडी सुटून वाहून गेली आणि त्याच चिरेतून स्वच्छ पाण्याचे बुडबुडे वर यायला लागले.

"चालू कर!"

बुडबुडे थांबले. पुन्हा भोवरा. पुन्हा काळं पाणी आत.

उत्तरेश्वर गॅलरीतून बघत होता. त्यानं नाकावर रुमाल धरला.

"या गटारात पाणी कुठून येतं रे?" कांताबाईंनी विचारलं.

रणजितनं वर पाहिलं. बंगल्याच्या भिंतीवरून एक जाड पाइप सरळ खाली उतरून गटारात आला होता. तो त्याच्याच वरच्या मजल्यावरच्या संडासाचा होता. ड्रेनेजची जोडणी राहिली म्हणून त्यानंच 'तात्पुरता' सोडलेला.

त्याला उमगलं आणि तो तिथंच गटाराच्या कडेला बसून भडाभडा ओकला. आपलीच घाण! आपणच सोडलेली, आपणच मोटारीनं ओढलेली आणि आईला पेला भरभरून पाजलेली!

कांताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या उभ्या राहिल्या.

"नळाचं पाणी आपल्या जोरानं येतं तेव्हा फुटक्या जागेतूनही ते बाहेरच पडतं, घाण आत येऊ शकत नाही. तू तोंड लावून ओढलंस, म्हणून ती आत आली. जितका ओढण्याचा जोर जास्त, तितकी घाण जास्त. दीड हॉर्सपॉवरची तू पैसे देऊन आणलीस." मग त्या म्हणाल्या, "माझी आई गावच्या आडाच्या चौथऱ्याखाली घागर घेऊन उभी राहायची. वर चढायची मनाई. कुणी ओतलं तर पाणी, नाही तर दुपारपर्यंत उन्हात. मला वाटलं होतं, घरात नळ आला, आता ते संपलं. तुझ्या मोटारीनं मला पुन्हा त्या चौथऱ्याखाली नेऊन उभं केलं रणजित. आणि आडावर निदान माणसं असायची. एखादीला दया यायची. मोटारीला दया कुठून येणार?"

रणजित उठला, जिन्याखाली गेला आणि पाना घेऊन मोटार खोलली. स्वतःच्या हातानं. मग गटारातला जोड बदलून घेतला, पाइप गटाराबाहेरून फिरवून घेतला आणि संडासाचा पाइप ड्रेनेजला जोडला. पाणी आपल्या जोरानं येऊन साठेल अशी टाकी अंगणात जमिनीखाली बांधायला काढली.

टाकीतलं पाणी वर चढवायला नवी मोटार घ्यायला तो गेला, तेव्हा दुकानदारानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, "खाली टाकी केवढी आहे? किती उंच चढवायचंय?" या वेळी रणजितकडे उत्तर होतं. दोन मजल्यांना अर्ध्या हॉर्सपॉवरची पुरते, हे दुकानदाराला तेव्हाही माहीत होतं.

उत्तरेश्वरनं मात्र मोटार काढली नाही. "बघू, जनरल कन्सेन्सस झाला की काढतो," म्हणाला. रणजित त्याच्या दारात रोज जाऊन उभा राहायचा. शेवटी उत्तरेश्वरची बायको हेमा हिनंच एका सकाळी वायर उपटली. "लहान मुलं आहेत घरात. मला ते गटार दिसतं ताट वाढताना," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी पाणी सुटलं तेव्हा गल्लीत घरघर नव्हती. टोकाच्या घरातला नळ फुसफुसला, खोकल्यासारखा वाजला आणि वाहायला लागला. दीपाली बाळाला कडेवर घेऊन नुसती बघत उभी राहिली.

कांताबाईंनी ते पाणी उकळलं, गार केलं, तांब्यात भरलं आणि सोजरबाईंच्या उशाशी येऊन बसल्या. सोजरबाईंचं पोट फुगलं होतं, डॉक्टरांनी आशा सोडून त्यांना दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. त्यांनी पिवळे डोळे उघडले.

"कुनाच्या घरचं हाय?"

"माझ्या घरचं. चालेल ना?"

"आगं कांते," सोजरबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं पिऊन तर मी ही अशी झाले. दे." आणि कांताबाईंच्या हातून त्या घोटभर पाणी प्यायल्या. दारात उभ्या असलेल्या रणजितनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

नागरिकहो, मोटार वाईट नाही. आपल्या टाकीत आलेलं आपलं पाणी आपल्या गच्चीवर चढवायला ती जरूर घ्यावी. घराची उंची मोजून घ्यावी, शेजाऱ्याच्या मोटारीशी तोलून नव्हे. चालू करण्याआधी तिच्यात पाणी भरावं, कोरडी फिरवू नये, अर्थिंग नीट करावं. पण नळाला ती कधीही लावू नये. महापालिकेच्या माणसानं पकडलं तर दंड होईल म्हणून नव्हे. पाइप सगळ्यांचा आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडचं ओढणारा शेवटी गटारच पितो, म्हणून. आज जाऊन आपला जिना बघा. गोणपाट उचला.

रणजितची मोटार निघाली, पण उशीर झाला होता. सोजरबाई रविवार, १२ जून २००५ रोजी सकाळी काविळीनं वारल्या.