मुकेकाकांचा आवाज

करकोच्यांच्या त्या प्रजनन केंद्रात एक नियम फार कडक होता: पिल्लांसमोर माणसाने माणूस म्हणून जायचं नाही. अंगभर पांढरा झगा, चेहरा झाकणारं टोपडं, हातात करकोच्याच्या चोचीसारखा हातमोजा आणि तोंडातून चकार शब्द नाही. पिल्लाला माणसाचा लळा लागला, की रानात सोडल्यावर ते शिकाऱ्यालाही जाऊन बिलगणार. त्या जातीचे करकोचे जगात उरले होते एक्केचाळीस. तेव्हा एवढं सोंग करणं भागच होतं.

हे सोंग सात वर्षं वठवल्यामुळे पिंजऱ्यांवरच्या राखणदाराचं नावच मुकेकाका पडलं होतं. "तिकडे तोंड बंद ठेवता ते ठीक, घरी तरी बोला की माझ्याशी," असं त्यांची बायको रोज म्हणायची.

नियम सगळ्यांना होता, फक्त संचालकसाहेबांना नव्हता. पाहुणे आले की साहेब त्यांना घेऊन बिनझग्याचे सरळ आत शिरत. "एकच फोटो! एका फोटोने काय बिघडतंय?" असे एकेक करता दोन वर्षांत किती फोटो निघाले, देव जाणे. पाहुणे बिस्किटं चारत आणि पिल्लं माना उंचावून कॅमेऱ्याकडे बघत. काकांचा जीव तीळतीळ तुटे. पण झगा घातला की बोलायची बंदी, आणि झगा काढला की बोलायची हिंमत नाही.

अखेर पक्षी सोडण्याचा दिवस उजाडला. माळावर मंडप पडला, भाषणं झाली, साहेबांनी फीत कापून पिंजरा उघडला. सहा करकोचे उडाले. सातवी ठुमकी. काकांनी तिला अंडं फोडून बाहेर येताना पाहिलं होतं. ती तुरुतुरु चालत छायाचित्रकारांसमोर आली आणि मान उंच करून उभी राहिली.

"बघा, किती प्रेम हे!" साहेब गहिवरले. टाळ्या पडल्या.

माळापलीकडे पाणथळीत फासे लावणारे बसतात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ही अशीच त्यांच्याकडे चालत गेली, तर संध्याकाळही बघायची नाही. काकांनी झगा आणि टोपडं ओढून काढलं. त्या पांढऱ्या झग्यालाच ती आई समजत होती; आपल्याला आईने मारलं, असं तिला वाटायला नको होतं.

"हाऽऽड! चालती हो! माणूस दिसला की पळायचं, कळलं? पळ!"

सात वर्षांचा दबलेला आवाज माळभर घुमला. काकांनी भिरकावलेलं पहिलं ढेकूळ चुकलं. दुसरं तिच्या पंखाला लागलं. ठुमकी ओरडली, धडपडली आणि उडाली. झाडांपलीकडे जाईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काकांचा फोटो होता, हातात ढेकूळ घेतलेला. पाठोपाठ साहेबांच्या सहीची नोटीस घरी आली. काकांनी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली: "सदर पक्षी आपणांस पाहून घाबरून पळाला. तो का पळाला, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा."

"म्हणजे पळाली ना ती?" बायकोने विचारलं.

"पळाली," काका म्हणाले, आणि ढसाढसा रडू लागले.