नमुना क्रमांक चार

त्या शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता नागूदादाच्या इको गाडीत सात सीट, तीन माणसं, दोन जेवणाचे डबे, गोदाकाकीच्या पिशवीतल्या नऊ शेवग्याच्या शेंगा आणि मागच्या कोपऱ्यातल्या सीटवर पट्ट्याने बांधलेला थर्माकोलचा एक खोका एवढं होतं. खोक्यात बर्फाच्या सहा पिशव्या होत्या आणि त्यांच्या मधोमध अडीचशे मिलीची एक बाटली. बाटलीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती : नमुना क्र. ४.

नागूदादाची गाडी कर्जतच्या आसपासच्या गावांतून खारघरला जाते. दारातून उचलते, दारात सोडते. सुरुवात आमच्या बोरीच्या वाडीपासून होते, कोंडाण्याच्या अलीकडे. मी खारघरच्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे रोजची पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी मीच. गोदाकाकी वाडीचीच. दर शुक्रवारी ती लेकीकडे जाते. पुढे कर्जतला स्वप्नील, हर्षला आणि पदूकाका चढतात.

बाटलीतलं पाणी आमच्या अंगणवाडीच्या नळाचं होतं. गणपतीच्या सुमारास तीन मुलांना जुलाब झाले आणि अंगणवाडी बंद करावी लागली. पटावर एकोणीस मुलं आहेत. त्यांना अडीच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं, पण वाटेत ओढा आहे, त्यामुळे जायची ती सातच. सेविका शकूवहिनींनी वाडीतल्या माणसांना हाताशी धरून बोअरचा ओटा फोडून नवा बांधला, गळका पाइप बदलला, टाकी दोनदा घासली. मी दर वेळी पाणी नेऊन तपासलं. पहिल्या नमुन्यात कोलिफॉर्म जिवाणू मोजता येणार नाहीत इतके होते. दुसऱ्यात एक्केचाळीस, तिसऱ्यात सहा. पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही.

आणि आता दिवस उरला नव्हता. सोमवारी तालुक्याच्या ऑफिसातून मॅडम तपासणीला येणार होत्या. त्या दिवशी हातात स्वच्छ रिपोर्ट नसला तर वाडीची अंगणवाडी कायमची त्या दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत मिसळणार होती. जिवाणू वाढवायची प्लेट चोवीस तासांनी वाचावी लागते, आणि आमची लॅब शनिवारी एकला बंद होते. म्हणून शुक्रवारी अकरानंतर आलेलं पाणी घ्यायचं नाही असा नियम आहे. तो मी काम करते म्हणून बदलत नाही, बदलूही नये.

आठ वाजता आम्ही कर्जत सोडलं. पाच मिनिटांत स्वप्नीलचा चेहरा उतरला. स्वप्नील रोज जिमला जातो, त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे, आणि त्याला गाडी लागते.

"दादा, बाजूला घे," तो म्हणाला.

नागूदादाने घेतली. स्वप्नील उतरून एका कुडाच्या आडोशाला वाकला. हर्षला खिडकीतून म्हणाली, "सकाळी सकाळी दोन वडापाव कोणी सांगितले होते रं तुला? आणि वर फोटो टाकतो, प्रोटीन म्हणून!"

हर्षला आणि तो एकाच कंपनीत, एकाच साहेबांच्या हाताखाली आहेत. ती त्याला रोज असंच बोलते आणि रोज आल्याची वडीही देते. तिने दिलेली वडी त्याला द्यायला मी खाली उतरले. वडी देऊन मागे वळले तेव्हा गोदाकाकी माझ्या मागे उभी होती आणि तिच्या हातात माझी बाटली होती. झाकण उघडं.

"घे रं, चूळ भर. गारेगार हाय," ती स्वप्नीलला म्हणाली.

माझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत त्याने चूळ भरली होती. उरलेलं तो पीत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. स्वप्नीलने दचकून बाटली खाली आणली. तळाशी दोन बोटं पाणी होतं.

"काकी, ते शकूवहिनींचं पाणी होतं! तपासायचं!"

"आगं बाय माजे!" काकीने कपाळाला हात लावला. "पर त्याच्यावर नमुना लिवलंय. मी चौथी शिकलेय, वाचलं मी. नमुना म्हंजे फुकाटचा माल ना? साबणाची पुडी येती, च्याची पुडी येती, त्याच्यावर लिवलेलं असतंय. मला वाटलं तुज्या कंपनीनं वाटायला दिलंय."

यात तिची चूक काढणं मला जमलं नाही. नागूदादाच्या गाडीत पिशवी कोणाचीही असो, खायला-प्यायला सगळ्यांचं, ही तिथली रीत आहे. मीच नऊ महिन्यांत काकीच्या किती चिकूंना न विचारता हात घातला होता. खोक्यावर 'हात लावू नये' असं लिहायचं मला सुचलं नव्हतं.

"तळाशी पांढरं काहीतरी होतं," स्वप्नील हळूच म्हणाला. "काय होतं ते?"

"थायोसल्फेट. पाण्यातलं क्लोरिन मारायला टाकतात. एवढ्याशाने काही होत नाही."

"आणि पाण्याने?"

मी बाटलीवरची चिठ्ठी बघितली. हर्षला म्हणाली, "नमुना आधीच होतास. आता क्रमांक मिळाला."

पुढच्या सीटवरून पदूकाकांनी, ते पनवेलला एका सोसायटीच्या गेटवर असतात, विचारलं, "दुसरी बाटली नाय का?"

होती. निर्जंतुक केलेली, कागदात गुंडाळलेली एक रिकामी बाटली मी नेहमी जास्तीची ठेवते. पण पाणी वाडीत होतं आणि आम्ही वाडीपासून सतरा किलोमीटरवर होतो. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

"मला इथेच सोडा," मी म्हणाले. "रिक्षाने मागे जाते."

"आन खारघरला कदी पोचशील?" नागूदादाने विचारलं.

मी मनात हिशेब केला होता. "बारा दहा."

"गाडी वळवली तर?"

"दहा पन्नास. पनवेलला गर्दी नसली तर."

नागूदादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. त्याच्या गाडीचा एकच नियम आहे : निघालेली गाडी मागे वळत नाही. एकदा हर्षलाचा मोबाइल घरी राहिला होता, घर तीनशे मीटरवर होतं. तो म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे, घर सांबाळील." एकासाठी वळलो तर उद्या डब्यासाठी, परवा छत्रीसाठी वळावं लागेल, आणि बाकीच्यांनी काय केलंय, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच आहे. म्हणून मी त्याला विचारलं नाही. दप्तर घेऊन दारापाशी उभी राहिले.

त्याने आरशात बघितलं. "काय करू? तुमी सांगा. उशीर तुमाला होनार."

पदूकाकांची ड्यूटी साडेनऊची. ते गेले नाहीत तर रात्रपाळीचा माणूस गेट सोडून जाऊ शकत नाही. त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "वळव रं. सात वर्सं टायमावर जातोय. मी उशिरा कसा दिसतो ते तरी बगू दे त्यांना."

"वळव," हर्षला म्हणाली.

स्वप्नील आत बसता बसता म्हणाला, "मी तर काही बोलायच्या लायकीचाच राहिलो नाही."

गाडी वळली.

मग सगळ्यांनी फोन लावले. पदूकाकांनी रात्रपाळीवाल्याला जे झालं तेच सांगितलं, आणि पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. स्वप्नीलने साहेबांना टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं. त्याच मिनिटाला हर्षलाने त्यांना मेसेज केला की चौक गावाजवळ गाड्या अडकल्यात. साहेबांनी तिला फोन केला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो सर, एकाच गाडीत. नाही सर, दोन्ही खरं आहे. आमचंच टायर पंक्चर झालं, म्हणूनच तर गाड्या अडकल्या."

नागूदादाला हसू आवरेना. काकी मात्र हसली नाही. तिने बिनबाटलीचा खोका मांडीवर घेतला होता आणि बर्फाच्या पिशव्या एकेक करून परत नीट लावत होती.

मी शकूवहिनींना फोन करून नळ सोडून ठेवायला सांगितलं होतं. आठ पन्नासला पोचलो तेव्हा त्या नळाशेजारी उभ्या होत्या, हातात स्पिरिटचा बोळा आणि काडेपेटी. चौथी खेप, सगळं त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी नळ बंद केला, तोटी आगीने शेकली, परत पाणी सोडलं. मी दोन मिनिटं मोजली आणि बाटली भरली. झाकण लावताना त्यांनी माझं मनगट खालून धरलं.

"कोन प्यालं?" त्यांनी विचारलं.

स्वप्नीलने गाडीतून हात वर केला.

"कसं लागलं रं?"

"गोड होतं, वहिनी."

"मंग निम्मा रिपोर्ट आला," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज कोरडा होता. अंगणवाडीच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली होती. काकी गाडीतून उतरली नाही. वहिनीच खिडकीशी गेल्या. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. वहिनींनी काकीच्या हातावर एकदा थापटलं, एवढं दिसलं.

आठ अठ्ठावन्नला आम्ही निघालो. खोका आता पट्ट्याने बांधलेला नव्हता, काकीच्या मांडीवर होता. गतिरोधक आला की ती तो दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. चौकच्या पुढे पदूकाकांनी "पाणी हाय का कोनाकडं?" असं विचारलं, तेव्हा ती एवढ्या जोरात "नाय!" म्हणाली की नागूदादाने ब्रेक मारला.

पनवेल जवळ आलं तेव्हा दहा एकवीस झाले होते. पदूकाकांची सोसायटी मुख्य रस्त्यापासून चारशे मीटर आत आहे. रोज गाडी थेट गेटपर्यंत जाते. नागूदादाने सवयीने इंडिकेटर लावला.

"आत नको," पदूकाका म्हणाले. "हितंच थांब."

"दारात सोडतो, काका. आपली सर्विस हाय तशी."

"आज पोरीचं दार."

ते रस्त्यावर उतरले आणि डबा काखेत मारून भराभर चालू लागले. साठीला आलेला माणूस, युनिफॉर्ममध्ये, निम्मा पळत. पुढे स्वप्नील आणि हर्षला मुख्य रस्त्यावरच्या पुलाखालीच उतरले. त्यांची कंपनी तिथून पंधरा मिनिटं पायी आहे. हर्षला म्हणाली, "चल नमुन्या, तुझा व्यायाम होईल." काकीच्या लेकीची इमारत माझ्या लॅबच्या आधी येते. ती उतरलीच नाही. "येताना सोड," नागूदादाला म्हणाली, "खोका कोनाच्या भरोशावर ठेवू?"

माझं काम मी एकटीच करते असं मला पूर्वी वाटायचं. पाणी मी भरते, मी तपासते, आकडा मी लिहिते. त्या दिवशी खिडकीतून मागे पदूकाका लहान लहान होत गेलेले दिसले आणि माझे डोळे भरून आले. लॅबच्या दारात मी नागूदादाला "थँक्यू" म्हणाले. तो म्हणाला, "जा गं, टाइम घालवू नको." काकीने खोका माझ्या हातात दिला आणि हात जोडले. मी घाईघाईने तिच्या पाया पडले, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

नोंदवहीत वेळ पडली दहा एक्कावन्न. लॅबच्या साहेबांनी बर्फात हात घालून बघितलं, तापमान लिहिलं आणि नमुना घेतला. शंभर मिली पाणी मी जिवाणू अडकतील अशा बारीक पडद्यातून गाळलं, पडदा प्लेटवर ठेवला आणि अकरा वीसला प्लेट उबवणीच्या कपाटात गेली.

संध्याकाळी परतीच्या गाडीत कोणी त्याविषयी बोललं नाही. स्वप्नीलला दर दहा मिनिटांनी "पोट कसं हाय?" असं सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं, तेवढंच. त्याचं पोट ठीक होतं. ते काही शास्त्रीय प्रमाण नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. रात्री मी नीट झोपले नाही. वाडीत नळाजवळचा दिवा उशिरापर्यंत लागलेला दिसत होता.

शनिवारी शकूवहिनी माझ्याबरोबर गाडीत बसून खारघरला आल्या. लॅबच्या बाहेरच्या बाकावर त्या पदर बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या. अकरा वीसला मी कपाट उघडलं, प्लेट दिव्याखाली धरली, भिंगातून चौकट-चौकट मोजली. मग साहेबांनी मोजली. मग मी परत मोजली.

नमुना क्र. ४. एकूण कोलिफॉर्म, शंभर मिलीमध्ये : शून्य. ई. कोलाय : शून्य.